वासरानं चावलेली चकती

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण बारामतीत मला कुणी विचारत नव्हतं. डॉक्टरांचा विषय निघाला की लोक त्यांच्या गमती सांगायचे, मीही दोन-चार सांगायचो, आणि गमती संपत आल्या की काहीतरी निमित्त काढून उठायचो. कारण शेवटी कुणीतरी हमखास म्हणायचं, "पण बिचाऱ्याची बोटं गेली हो." त्या वाक्याला मला हजर राहायचं नसे.

डॉक्टरांची बोटं गेली नव्हती. एवढंच मला सांगायचं आहे. पण ते नुसतं सांगून कळणार नाही. आधी डॉक्टर सांगावे लागतील.

डॉक्टर म्हणजे जनावरांचे. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले आणि आमच्या गल्लीत राहायला आले. मी पोस्टातून निवृत्त. डॉक्टर उंच, खांद्यात वाकलेले, आणि उजवा हात डाव्यापेक्षा सरळसरळ जाड. तो हात नोकरीभर गाईंच्या आत गेलेला होता, खांद्यापर्यंत, गाय गाभण आहे की नाही ते पाहायला. 'पाहायला' हा शब्द माझा. डॉक्टरांना तो चालत नसे.

"आत काय दिसतंय व्हय, पोस्टराव? आत अंधार. तितं बोटं बोलत्यात."

हे सांगताना त्यांचा हात आत असायचा, डोळे मिटलेले असायचे आणि चेहरा गाणं ऐकणाऱ्याचा असायचा. गाय मात्र गाणं ऐकत असल्यासारखी दिसायची नाही.

मग निवृत्तीनंतरही डोळ्यांवर विश्वास ठेवायची सवय त्यांना लागली नाही. मंडईत ते भेंडी डोळे मिटून निवडायचे. नवीन आलेली भाजीवाली घाबरायची, "आज्जोबांना चक्कर आली का?" म्हणून पाणी पुढं करायची. जुन्या भाजीवाल्या मात्र शिळी भेंडी पाटीच्या खाली सरकवायच्या. तिथंही त्यांचा हात जायचाच. कलिंगड कापून दाखवणाऱ्याला ते म्हणायचे, "आता दाखवून काय उपेग? न कापता सांग." लग्नात नवरदेवाला आशीर्वाद देताना कोटाच्या बाहीचं कापड चिमटीत धरून बघायचे आणि शेजारच्याला सांगायचे, "भाड्याचा हाय."

माझा जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा डॉक्टरांनी त्याच्याशी हस्तांदोलन केलं. जरा जास्तच वेळ केलं. नंतर मला अंगणात नेऊन म्हणाले, "पोरगा चांगला हाय. पण आजून आढीत ठेवाया पायजे हुता."

अशा माणसाला त्यांच्या मुलीनं अमेरिकेत नेलं. सहा महिन्यांसाठी. तिथं सगळं काचेच्या आणि प्लास्टिकच्या आड. भाजीसुद्धा पिशवीत बंद. "हात लावाया काय न्हायच, पोस्टराव. नळाला बी हात लावायचा न्हाय, नुसता खाली धरला का पानी येतंय." पहिला पंधरवडा ते गप्प बसून होते. मग एका सकाळी घरामागच्या बागेतून आवाज आला. साखळीचा. गोठ्यात गाय मान हलवते तेव्हा येतो, हुबेहूब तो. डॉक्टर चपला न घालता तसेच निघाले. झाडांमधून जाऊन बघतात तर गाय नव्हती. लोखंडी खांबावर एक टोपली होती, टोपलीवर साखळ्या लोंबत होत्या, आणि लोक लांबून प्लास्टिकच्या चकत्या फेकून त्या साखळ्यांत अडकवत होते. ह्या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात. कमीत कमी फेकींत चकती टोपलीत घालायची, की पुढच्या टोपलीकडे.

परत आले ते ह्या चकत्यांनी भरलेली पिशवी घेऊन. माझ्या बायकोनं त्यांना विचारलं, "ताटं आणली का?"

सणसरला त्यांची पेरूची बाग होती, कालव्याला लागून. बागेच्या कडेनं आणि बांधावरनं त्यांनी खेळाची वाट आखली. टोपल्या एका वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या. साखळ्या मात्र बाजारातून स्वतः निवडून आणल्या, बैलांच्या, डोळे मिटून, वाजवून. टोपल्या उभ्या राहिल्यावर सणसरमध्ये चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे माकडं धरायचा पिंजरा आहे. शेजारचे एक तात्या रोज बांधावर येऊन उभे राहायचे. शेवटी एके दिवशी त्यांनी विचारलं,

"डॉक्टर, ह्यात कोंबड्या कवा सोडताय?"

"कोंबड्यांचं न्हाय, तात्या. खेळ हाय."

"आसं," तात्या म्हणाले. त्यांनी एक साखळी वाजवून बघितली. "कुठल्या योजनेतनं? अनुदान हाय का?"

मला खेळात ओढलं ते डॉक्टरांनीच. मीही सकाळी फिरायला जाऊन जाऊन कंटाळलो होतो. म्हटलं, द्या एक चकती. मला वाटलं, देतील आणि फेकू. पण डॉक्टरांकडे चकती देणं म्हणजे मुलगी देण्यासारखं होतं.

खेळात लांब फेकायच्या चकत्या वेगळ्या असतात. त्यांचा काठ धारदार, त्या सुसाट जातात. टोपली जवळ आली की जी वापरायची तिला पटर म्हणतात. बोथट काठाची, खोलगट, हळू आणि सरळ जाणारी. डॉक्टरांच्या मते खरा खेळ तिच्यापासून सुरू होतो. "लांब फेकाया काय, बैल बी लाथ मारतंय," असं ते म्हणायचे.

त्या दिवशी पेरूच्या झाडाखाली त्यांनी पटर मांडल्या आणि मला समोर बसवलं.

"पोस्टराव, आधी सांगा, तुमाला ही पायजे कशाला?"

"टोपलीत टाकायला."

"टोपलीत टाकाया, का टोपलीपतूर न्यायाला?"

"दोन्हीला एक नाही का चालणार?"

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुमी पोस्टात शिक्के माराया आन टपाल वाटाया एकच मानूस ठेवत हुता?"

"सणासुदीला ठेवायचो."

"मंग माझी पत्रं उशिरा का येत हुती ते आज कळलं."

मग त्यांनी समजावलं. त्यांची विभागणी मला आजही पाठ आहे. टोपलीच्या जवळपास नेणारी ती 'दारची', आणि टोपलीत घालणारी ती 'घरची'. दारची ताठ हवी. काठाखाली गोट असलेली, म्हणजे लुगड्याला लावतात तशी कड असलेली, म्हणजे हातातून एकसारखी सुटते. वारा आला तरी तिनं मान वाकवायची नाही, आणि जमिनीवर पडली की जिथल्या तिथं बसायचं, घरंगळत हिंडायचं नाही. घरची मात्र मऊ हवी. काठ पुसट झालेला, वापरून वापरून हाताच्या आकाराला आलेली. ती साखळ्यांना बिलगली पाहिजे. ताठ असली तर आपटते आणि परत फिरते.

"दारची घरात घेतली तर भांडान. घरची दारात पाठवली तर उडून जाईल. कळलं?"

"कळलं. ती पिवळी चांगली दिसते," मी म्हणालो.

ते इतका वेळ माझ्याकडे बघत राहिले की मला वाटलं खेळ इथंच संपला. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि सगळ्या पटरींवर पसरलं.

जनावरांच्या बाजारात सौदा असा करतात. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून भाव बोलतात. तोंडानं एक अक्षर नाही, म्हणजे भोवतीच्यांना कळत नाही. डॉक्टरांनी सगळी नोकरी अशा बाजारांत काढलेली. त्यांनी तीच रीत चकत्यांना लावली होती.

"घाला हात. रंग मानसाला फसवतो. ज्यानं शिंगं बघून गाय घेतली त्यानं दूध शिंगातनंच काढावं."

मी हात घातला. ह्या चकतीवरून त्या चकतीवर फिरवला. खरं सांगतो, मला सगळ्या सारख्या लागल्या. डॉक्टरांनी उपरण्याखालीच माझा अंगठा धरला, दाबला, उलटसुलट केला आणि वर बघून म्हणाले, "ह्यो मेलाय. शिक्के मारून मारून मेलाय."

अखेर मला त्यांनी एक ताठ, गोटाची पटर काढून दिली. दारची. घरची दिलीच नाही. "आधी दारापतूर तर या," म्हणाले. "मंग घरात घ्यायाचं का न्हाय ते बघू."

त्यांची स्वतःची घरची चकती मात्र वेगळीच चीज होती. अमेरिकेहून आणलेली. कधीकाळी निळी असावी, आता धुतलेल्या आभाळासारखी झाली होती. काठाला एका बाजूनं दातांचे ठसे होते. सणसरच्या गोठ्यातल्या वासरानं ती चघळली होती. दुसरा असता तर वासराला हाणलं असतं. डॉक्टर म्हणाले, "त्याला हात न्हाईत, मग तोंडानं बघणार. आवडली आसंल." ती हातात घेतली की डॉक्टर आधी अंगठा आतल्या कडेवरून फिरवायचे, एकदा, सावकाश, आणि मग फेकायचे. साखळ्या वाजायच्या. डॉक्टर डोळे मिटून तो आवाज संपेपर्यंत थांबायचे. आवाज संपायच्या आत कुणी बोललं की ती फेक ते मोजत नसत.

आता माझं.

डॉक्टर एकदा इंदापूरला नात्यातल्या लग्नाच्या बोलण्यांना गेले, चांगले पंधरा-वीस दिवस. मुलाचा हात बघायला त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, म्हणजे ज्योतिषाकडून बघतात तसा नव्हे. बागेतल्या खोलीत उंदीर झाले होते म्हणून चकत्यांची पिशवी ते माझ्याकडे ठेवून गेले. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरून सणसरला गेलो. म्हटलं, गुपचूप सराव करू आणि डॉक्टरांना चकित करू.

कालव्याजवळच्या टोपलीसमोर मी उभा राहिलो. उसावरून वारा येत होता, समोरून. टोपली चांगली लांब होती. अशा वेळी कुठली घ्यायची हे मला पढवलेलं होतं. ताठ, गोटाची, दारची. ती माझ्या हातातही होती. पण पिशवीत ती दुसरी होती. मला कधी न दिलेली. मी ती काढली, डॉक्टरांसारखा अंगठा फिरवला. माझ्या मेलेल्या अंगठ्यालासुद्धा बरं वाटलं. आणि मी ती फेकली.

चकती उचलली गेली. छान गेली. मग वाऱ्यात शिरली, जरा विचार केल्यासारखी थांबली, उजवीकडे कलली, टोपलीवरून गेली, बांधावरून गेली आणि कालव्यात उतरली. शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुरू होतं, कालवा काठोकाठ. पाण्यावर बसली आणि निघाली.

मी काठानं पळालो. ह्या वयात जेवढं पळता येतं तेवढं. चकती माझ्यापेक्षा सावकाश जात नव्हती. पुढं पाटकरी उभा होता, कालव्याचं पाणी सोडणारा.

"काय गेलं, आबा?"

"चकती!"

"ट्रॅक्टरची?"

"नाही हो, खेळायची!"

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे बघितलं. "कुनाची?" त्यानं विचारलं. मी थांबलो. उत्तर द्यायला दमच उरला नव्हता, असं तेव्हा मी स्वतःला सांगितलं.

त्याच संध्याकाळी मी डॉक्टरांना फोन करायला हवा होता. चकती हरवली हे सांगायला मी घाबरलो नव्हतो. वस्तू हरवतात. पण ते पहिलं विचारणार, "कुठनं फेकली?" आणि मला सांगावं लागणार, लांबून. समोरच्या वाऱ्यात. घरची. ह्या वयात एखादी गोष्ट चुकण्यापेक्षा शिकवूनही चुकली हे सांगायला जास्त लाज वाटते.

मग मी मोबाइलवरून तसलीच एक मागवली. त्याच साच्याची, निळी. आली ती करकरीत आणि लाकडासारखी टणक. ती जुनी करायला मी घेतली. पाट्यावर घासली. अंगणातल्या शेणाच्या पाटीत पुरून ठेवली. उन्हात वाळवली. वासराचे दात पकडीनं काढले, आठवून आठवून. दिसायला ती अगदी तीच झाली, पण मऊ होईना. म्हणून कुकरात घातली.

"अहो, कुकरात काय आहे?" बायकोनं विचारलं.

"चकती."

तिनं माझ्याकडे बघितलं, कुकरकडे बघितलं. "शिट्ट्या किती करू?"

तिला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यापेक्षा जाऊन सांगा ना. ते जनावरांचे डॉक्टर आहेत, जनावर नाहीत."

मी म्हणालो, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि पिशवी घेऊन गेले, आत माझी कुकरातली चकती. त्याच रविवारी सणसरला सामना होता.

इंदापूरच्या बाजूला एक निवृत्त हेडमास्तर होते. डॉक्टरांचं बघून त्यांनीही चार मित्र जमवून खेळ सुरू केला होता. ते सगळे आले. डॉक्टरांची मुलगी त्या वेळी भारतात होती, तीही आली. खेळ सुरू व्हायच्या आधी पेरू कापले गेले, चहा झाला, आणि हेडमास्तरांनी खडा टाकला.

"डॉक्टर, तुमच्या बोटांचं फार ऐकतो. आमच्या पटरींत तुमची मिसळतो. काढा बघू ओळखून."

"त्यात काय काढायचं? म्हशींच्या कळपात आपली गाय हाय ती."

"नाही निघाली तर?"

"न्हाय निगाली तर खाली ठेवीन. परत धरनार न्हाय," डॉक्टर हसत म्हणाले. सगळेच हसले. मीही हसलो असणार. पिशवी घेऊन गेल्यापासून त्यांनी ती उघडलेली नव्हती, हे मला तेव्हाच समजलं.

हेडमास्तरांनी चकत्या मांडल्या. डॉक्टरांनी उपरणं काढून दिलं. एक टोक हेडमास्तरांनी धरलं, एक मी. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि हात आत घातला.

कापडाखाली तो जाड हात फिरताना दिसत होता. एका चकतीवर गेला, दुसरीवर, पुढं. शेवटपर्यंत गेला आणि परत उलटा आला. चेहरा गाणं ऐकणाऱ्याचा होता, मग तो गाणं चुकल्यासारखा झाला. पुन्हा एकदा हात फिरला. एका जागी जरा थांबला आणि पुढं गेला. कुठं थांबला ते मला माहीत होतं.

डॉक्टरांनी डोळे उघडले. "ह्यात माझी न्हाय."

इंदापूरवाले खो खो हसले. हेडमास्तरांनी उपरणं ओढलं. मधोमध निळी चकती, काठाला वासराचे दात.

"बाबा, ही काय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज हसरा नव्हता.

डॉक्टरांनी चकती उचलली. दातांकडे बघितलंसुद्धा नाही. आतल्या कडेवरून अंगठा फिरवला, एकदा, सावकाश. मग पुन्हा. मग माझ्याकडे वळले.

"पोस्टराव, दिसती तर तीच. पर हाताला न्हाय. तुमी सांगा. ही माझी?"

उपरण्याचं टोक अजून माझ्या हातात होतं. हसणं थांबलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि माझ्या डोक्यात एवढंच आलं की आता सांगितलं तर ह्या सगळ्यांसमोर कुकरापासून सांगावं लागेल.

"तुमचीच की, डॉक्टर," मी म्हणालो.

"मंग बोटं गेली," ते म्हणाले. लाइट गेली म्हणावं तसं. आणि शब्दाला जागून चकती खाली ठेवली. सामना झाला नाही.

मुलीनं त्यांना बारामतीतल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. शिरांची तपासणी, साखरेची तपासणी. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाच्या मानानं ठीक आहे, थोडाफार फरक पडणारच. मुलीनं त्यातलं 'फरक पडणारच' ऐकलं. डॉक्टरांनीही तेच ऐकलं. हे मी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती त्या आठवड्यात माझ्याशी फक्त भाजीपुरतं बोलली.

त्यानंतरचे डॉक्टर मला सांगायचे नाहीत, पण सांगतो. ते मंडईत चष्मा लावून जायला लागले. भेंडीला हात न लावता विचारायचे, "चांगली हाय का, बाई?" भाजीवाल्या पहिल्यांदा गोंधळल्या. मग एकीनं, जी त्यांच्यापासून शिळा माल लपवण्यात सगळ्यांत हुशार होती, तिनं स्वतःच ताजी भेंडी निवडून त्यांच्या पिशवीत घातली. मी शेजारी उभा होतो. तिनं विचारलं, "आज्जोबांना काय झालंय?" मी म्हणालो, "वय." हे माझं दुसरं खोटं.

वरकुट्याचा एक शेतकरी त्यांच्याकडे आला. त्याची गाय गाभण राहिली की नाही हे तो निवृत्तीनंतरही डॉक्टरांनाच विचारायचा. "मशीनवाल्याकडं न्या," डॉक्टर म्हणाले. "डॉक्टर, मशीनला काय कळतंय? तुमी नुसता हात घाला." "माझा हात आता खोटं बोलतुया," ते म्हणाले, आणि उजवा हात त्यांनी मांडीखाली घेतला. तो जाड हात. मी समोरच्या खुर्चीत होतो. चहा माझ्या हातात होता. तेव्हाही मी बोललो नाही. तेव्हा तर फक्त तो शेतकरीच होता ऐकायला.

पुढं मुलगी त्यांना कायमचं अमेरिकेला घेऊन गेली.

कालव्याचं आवर्तन बंद झालं तसा मी शोधायला लागलो. कालव्याच्या तळातून, नंतर त्यातून शेतांकडे निघणाऱ्या फाट्यांतून आणि चाऱ्यांतून. लोकांना वाटायचं म्हाताऱ्याचं काहीतरी सोन्याचं पडलंय, चारजण बरोबर यायचे आणि चकती म्हटलं की परत जायचे. शेवटी वरकुट्यात एका घरासमोर पाणी प्यायला थांबलो. बाईंनी तांब्या दिला. चुलीशेजारी दह्याचं मडकं होतं आणि मडक्यावर निळसर झाकण. काठाला दात.

"ताई, हे कुठलं?"

"चारीत घावलं. लई ब्येस बसतंय बगा त्यावर. मांजर काय केल्या उघडत न्हाय."

मी बारामतीला जाऊन स्टीलचं झाकण आणलं तेव्हा ती सोडायला तयार झाल्या, तेही नाखुशीनं. "ह्ये तुमचं घसरतंय," म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. मऊ काठ जिथं बसेल तिथं बिलगतो.

खोटी चकती डॉक्टर जाताना माझ्याकडेच ठेवून गेले होते. घरी दोन्ही मी टेबलावर ठेवल्या, वर टॉवेल टाकला, डोळे मिटले आणि हात आत घातला. क्षणभरही लागला नाही. माझ्या अंगठ्याला कळलं. मेलेल्या अंगठ्याला.

त्या संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. डॉक्टर स्वेटरमध्ये होते, बारीक झाले होते. मी चकती कॅमेऱ्यासमोर धरली.

"डॉक्टर, ओळखा."

"दिसतीय," ते म्हणाले. "दिसन्याला काय अर्थ हाय, पोस्टराव? हातात द्या."

मी बोलणार होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "हितं त्या बागंत साखळ्या वाजत्यात. मी खिडकी लावून घेतो."

मग मुलगी आली, औषधांची वेळ झाली होती.

मी चकतीचं पार्सल बांधलं. आयुष्यभर मी लोकांची पार्सलं बघितली. कापड शिवून, लाख लावून, दोरी ओढून बांधलेली. असं पार्सल मी कुणाचं बघितलं नव्हतं. पण आत चिठ्ठी घालायला हवी होती, नाहीतर ही खरी लागली तरी ते म्हणणार, बोटं खोटं सांगतात. चिठ्ठी लिहायला बसलो की ती फार लांब व्हायची. मी ती कमी करत होतो. बायको कपाट पुसताना रोज पार्सल उचलून पुसायची आणि परत ठेवायची. उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला, डॉक्टर गेले. झोपेतच. ती म्हणाली, "काका, तुमच्याविषयी बोलायचे. पोस्टरावांनी बघून सांगितलं नसतं तर मी भांडत बसलो असतो, म्हणायचे."

परवा मी सणसरला गेलो होतो. बागेतल्या टोपल्या गंजल्यात, एकीत चिमण्यांनी घर केलंय. कालव्याजवळची मात्र वाजते. मी जवळ जाऊन उभा राहिलो, घरची चकती काढली, जवळून फेकली. साखळ्यांना बिलगली. आवाज संपेपर्यंत मी डोळे मिटून थांबलो, आणि मग ती चिठ्ठी मला एकदाची पुरेशी कमी करता आली.

डॉक्टर, घाला हात. ही तुमची. ती दुसरी मी केलेली होती. घरची मी दारातनं फेकली, समोरच्या वाऱ्यात. तुमच्या बोटांनी खरं सांगितलं होतं. खोटं मी बोललो.